वाटेत भेटलेला साडू

१२ ऑक्टोबर २००३

प्रिय जयवंतराव,

व्हिसावर जगणाऱ्या आपणा दोघांनाही इथे उठता-बसता कागद दाखवावे लागतात आणि त्याची चीड तुम्हालाही आहे. म्हणूनच विचारतो. व्हरमाँटच्या जंगलात सायकली काढण्याआधी "पासपोर्ट लॉकरमध्येच ठेवा हो, झाडीत कुठे पडला तर?" असं तुम्हीच म्हणालात. मग सरहद्दीच्या गस्तीवाल्याने अडवताच तुमचा पासपोर्ट तुमच्या पाठपिशवीतून कसा निघाला?

त्याला वाटलं, मी कॅनडातून चोरून आलो. "हा तुमच्याबरोबर आहे?" त्याने विचारलं. तुम्ही म्हणालात, "नो सर, वाटेत भेटला."

सख्ख्या बहिणींचे नवरे आपण! सकाळपासून तुमच्याच डब्यातली धपाटी खात होतो.

ग्रीन कार्डाच्या मुलाखतीपायी घाबरलात, की आधीच ठरवलं होतं? भीती मलाही वाटते. पण भीतीने माणूस गप्प बसतो, नातं नाकारत नाही. घरी आश्लेषाला मी अजून काही सांगितलेलं नाही. बहिणी-बहिणींत वितुष्ट नको, म्हणून या पाकिटालाही तिकीट लावलेलं नाही; ते तुमच्याच हाती देईन.

चोरून सरहद्द ओलांडल्याच्या आरोपावर मंगळवारी माझी सुनावणी आहे. न्यायाधीशासमोर या आणि सांगा, की आपण दिवसभर बरोबर होतो.

तुमचा साडू,
मोरेश्वर