मत्ते म्हणजे पुन्हा

ता. ८ नोव्हेंबर १९४२
(गावाचं नाव लिहायची मनाई आहे)

ती. उमाताईस,

शिवलिंगचे शरणार्थ. वि. वि. मी खुशाल आहे, माझी लॉरी मात्र नाही. डोंगरातल्या एका अरबी गावाजवळ तिच्या स्प्रिंगचा पाटा तुटला आणि दुरुस्तीची गाडी येईपर्यंत मला तिथंच मुक्काम पडला. एका म्हाताऱ्या शेतकऱ्यानं घरी नेलं. त्याचा भाऊ पूर्वी समुद्रापार दक्षिण अमेरिकेत मजुरीला गेला होता. तो पैसा काही घेऊन आला नाही, एक सवय घेऊन आला. हिरव्या पत्तीचा चहा. त्याला हे लोक मत्ते म्हणतात. अव्वाला सांगू नकोस. ती म्हणेल, कानडीत मत्ते म्हणजे पुन्हा, मग हे लोक पहिल्यांदा काय पितात?

हा कपात पीत नाहीत. वाळल्या भोपळ्याच्या तुंब्यात अर्ध्याहून जास्त पत्ती भरायची आणि तुंबा कलता धरायचा, म्हणजे पत्ती एका अंगाला बसते. रिकाम्या अंगाला थोडं गार पाणी घालायचं, तिथं चाळणीच्या टोकाची नळी खुपसायची आणि मग गरम पाणी. उकळतं नको, पत्ती करपते. नळीनं ढवळायचं नाही. पहिलं पाणी सर्वांत कडू, म्हणून जो भरतो त्यानं ते स्वतः प्यायचं. मग पुन्हा पाणी घालून त्याच नळीनं पाळीपाळीनं सगळे. उष्ट्याचं काय, हे मी विचारलं नाही. विचारण्याइतकी भाषा येत नव्हती. मी आपल्या उर्दू कचेरीतल्या रीतीप्रमाणं शुक्रिया म्हणालो, तर म्हाताऱ्यानं माझा तुंबाच बंद केला. नंतर कळलं, त्यांचाही शब्द तसाच आहे, आणि आभार मानले म्हणजे पुरे झालं. दुसऱ्या दिवसापासून गप्प बसायला लागलो, तेव्हा मला घरचा धरलं.

आपल्या गावचा रामकिसन रजेवर येतोय. त्याच्याबरोबर पत्ती, तुंबा आणि नळी धाडली आहे. पत्ती घट्ट झाकणाच्या डब्यात ठेव. ओल, ऊन आणि वास लागू देऊ नकोस.

अप्पा माझं नाव घेतात का? इरम्मा कशी आहे? मी न सांगता सोलापूरला जाऊन भरती झालो, याची तिला काहीच कल्पना नव्हती. हे अप्पांना कुणीतरी सांगा.

थोरांस शरणार्थ. माया आटू देऊ नकोस.

तुझा शिवलिंग


तेर, ता. १० जानेवारी १९४३

चि. शिवलिंग यास,

ताईचे अनेक आशीर्वाद. रामकिसन येऊन गेला. पत्ती अव्वानं हिंगाच्या डब्यात ठेवली, कारण घरात घट्ट झाकणाचा डबा तेवढाच आणि तूच घट्ट झाकण लिहिलं होतंस. पत्र पुरतं वाचून होईपर्यंत तिनं दूध-गूळ घालून ती खळाखळा उकळली होती. अव्वाचं म्हणणं, फौजेत लेकरांना हे पाजत असतील तर लढाई लांबणारच. शेजारचा गोरोबा कुंभार एक पेला प्याला. तेव्हापासून तो आपल्या दारावरून जात नाही, मागच्या बोळानं जातो.

आता दुसरं. अप्पा तुझं नाव घेत नाहीत. तुझं पत्र वाचायला घेतलं की ते दुकानात जातात, दुकान बंद असलं तरी जातात. सुनेनंच, इरम्मानंच तुला जाऊ दिलं, असं त्यांनी मनाशी पक्कं केलंय. येरमाळ्याला तिच्या वडिलांना, गुंडप्पांना, निरोप गेला की लेकीला घेऊन जा. परत कधी आणायचं, ते निरोपात नाही. येडेश्वरीची जत्रा उरकली की येतो म्हणालेत. इरम्मा रडत नाही. भाकरी मात्र माणसं मोजून थापायची, ती आजकाल एक जास्त थापते.

जिवाला जप. अव्वा तुझ्यासाठी काय काय बोलते ते लिहीत नाही, कागद महाग झालाय.

तुझी ताई


ता. २० फेब्रुवारी १९४३

ती. उमाताईस,

शिवलिंगचे शरणार्थ. अप्पांना मी वेगळं पत्र टाकलं होतं, ते न फोडता परत आलं. आता मी इथून कुणाला काय सांगू? गुंडप्पा आले तर निदान त्यांना घाईनं माघारी जाऊ देऊ नकोस. बसव, काहीतरी पाज.

पत्ती उरली असेल तर सावलीत कागदावर पसर. हिंगाचा वास उडाला की काचेच्या बरणीत भर. दूध नको, गूळ नको, उकळी नको. आणि इरम्माला म्हणावं, मी येईन.

लोभ आहेच, तो अव्वालाही सांग.

शिवलिंग


तेर, ता. २ मे १९४३

चि. शिवलिंग यास,

ताईचे आशीर्वाद. गुंडप्पा बैलगाडी घेऊन आले. गाडी दारात जुंपलेलीच ठेवली. अप्पा ओट्यावर या टोकाला, ते त्या टोकाला. इरम्माचं गाठोडं मधे. लढाईमुळं घरात चहा नाही, साखर नाही, आणि व्याह्याला कोरडं तर धाडता येत नाही. मी बरणी काढली आणि इरम्माला म्हणाले, भर.

तिनं तू लिहिलंस तसं केलं. पत्ती, गार पाणी, नळी, मग बेताचं गरम पाणी. आणि सासऱ्यासमोर, बापासमोर बसून पहिला तुंबा स्वतः प्याली. अव्वानं डोळे मिटून घेतले. अप्पा म्हणाले, ही कुठली रीत? मी म्हणाले, शिवलिंगनं लिहिलीय. पहिला कडू असतो, तो भरणारानं सोसायचा.

अप्पांनी विचारलं, आणखी काय लिहितो तो?

मी पत्रं आणली आणि ओट्यावरच वाचली. इरम्माला कल्पना नव्हती, हे वाक्य जरा मोठ्यानं वाचलं. अप्पा बसूनच राहिले. दुकानात गेले नाहीत.

तोवर गुंडप्पांचा तुंबा पिऊन झाला होता. त्यांनी लेकीला विचारलं, हे काय म्हणायचं? ती म्हणाली, मत्ते. त्यांना वाटलं पुन्हा देऊ का विचारते. ते व्हय म्हणाले. तिनं पुन्हा दिला. मग अप्पांची पाळी. सुनेच्या आणि व्याह्याच्या तोंडची नळी. अप्पांनी ती बराच वेळ हातात धरली. मग प्याले. म्हणाले, लई कडू हाय. थोड्या वेळानं इरम्माला म्हणाले, तू प्यालीस तो याहून कडू असंल. ती म्हणाली, व्हय.

ती व्हय म्हणाली आणि अप्पांनी मान खाली घातली. शिवलिंग, एवढंच झालं.

पुढं तुंबा थांबेना. थांबवायचा तर शुक्रिया म्हणायचं, आणि आपल्यात घरच्या माणसाला शुक्रिया कोण म्हणतं? अप्पा थांबेनात म्हणून गुंडप्पा थांबेनात. पाण्याची चव उरली नाही तरी दोघं पीत होते आणि पावसापाण्याचं बोलत होते. शेवटी बैल जुवासकट खाली बसले, म्हणून गाडी सोडावी लागली. सकाळी गुंडप्पा एकटेच निघाले. निघताना म्हणाले, लेकीला न्यायला आलो होतो, ते राहूनच गेलं. अप्पा म्हणाले, राहू द्या. गाठोडं अव्वानं सोडलं.

खुशाली कळवत जा.

तुझी ताई


तेर, ता. १५ जून १९४३

चि. शिवलिंग यास,

वडील महांतप्पाचे आशीर्वाद. घरी सर्व क्षेम. सूनबाई बरी आहे.

तू पाठवलेली पत्ती संपली. उमा म्हणते, आणखी मागवू. मी नको म्हणालो. पोस्टात ओल लागते, आणि दुसऱ्या कुणाहाती धाडली तर तो कशात ठेवील सांगता येत नाही. ती तू स्वतः घेऊन यावी. उशीर झाला तरी चालेल. पत्ती मिळाली नाही तर रिकाम्या हाती यावे.

महांतप्पा