राखून ठेवलेला निकाल

॥ श्री ॥
सोलापूर, ६ फेब्रुवारी १९७४

चि. सौ. रुद्राणी हीस अप्पाचे अनेक आशीर्वाद.

इकडे सर्व खुशाल, असं लिहायची रीत आहे म्हणून लिहितो. हिशेबाच्या परीक्षेचा निकाल काल कचेरीत आला. बिरप्पा शिपायानं तो फळ्यावर डकवता डकवताच मला हाक मारून सांगितलं, की अप्पा, तुमचा नंबर हाय की, पण लई खाली हाय. वरच्या पास झालेल्यांच्या यादीत मी नाही. खाली एक वेगळं वाक्य आहे आणि त्याखाली माझ्या एकट्याचाच नंबर. ते वाक्य उतरवून आणलं आहे: ‘द रिझल्ट ऑफ द अंडरमेन्शन्ड कँडिडेट इज हियरबाय विथहेल्ड, पेंडिंग हिज एक्स्प्लनेशन, फॉर हॅविंग मेड अ डिस्टिंग्विशिंग मार्क ऑन द आन्सर बुक.’ चार वेळा वाचलं. मालगाडीसारखं लांब, इंजिन कुठल्या टोकाला तेच समजेना. परिपत्रकं मराठीत काढा असं सांगणारं परिपत्रकही आमच्याकडे इंग्रजीतच आलं होतं. हेडक्लार्कना विचारायची लाज वाटली.

ही माझी तिसरी आणि शेवटची खेप, हे तू जाणतेसच. पास नाही झालो तर हिशेब शाखेतली ही तात्पुरती जागा जाईल, आणि खालच्या जागेवर कुठल्या तरी लांबच्या तालुक्याला बिऱ्हाड न्यावं लागेल. तुझ्या अव्वाला अजून काही बोललो नाही. तू शाळेत पोरींना इंग्रजी शिकवतेस, तर एवढं एक वाक्य बापालाही शिकव. जावई सिद्रामप्पांना शरणार्थ. माया आहेच, ती लवकर उत्तर पाठवून दाखव.

तुझा अप्पा, शिवलिंगप्पा


अकलूज, ९ फेब्रुवारी १९७४

तीर्थरूप अप्पांच्या चरणी रुद्राणीचा शि. सा. न. वि. वि.

तुमचं पत्र मधल्या सुट्टीत वाचलं आणि पुढच्या तासाला सरळ तुमचं वाक्यच फळ्यावर लिहिलं. नाव सांगितलं नाही, घाबरू नका. अप्पा, असल्या वाक्यात इंजिन मध्येच असतं. आधी ‘इज विथहेल्ड’ पकडायचं, म्हणजे राखून ठेवला आहे. नापास केलेलं नाही! मग एकेक डबा जोडायचा. कोणाचा निकाल? खाली नंबर दिलेल्याचा. कधीपर्यंत? त्याचा खुलासा येईपर्यंत. कशासाठी? उत्तरपत्रिकेवर ओळख पटेल अशी खूण केली म्हणून.

आता तुम्हीच सांगा, काय केलंत? मी वहीच्या कोपऱ्यात मोर काढला तर पट्टी उगारणारे तुम्ही! हे म्हणतात की सासऱ्यांनी नक्कीच खाली नाव, गाव घालून सही ठोकली असणार. खरं काय ते कळवा, आणि अव्वाला सांगून टाका. इतक्या वर्षांच्या संसारात तुमच्या तोंडावरून तिनं ओळखलंच असेल.

तुमच्या आशीर्वादावर जगणारी,
रुद्राणी


॥ श्री ॥
सोलापूर, १४ फेब्रुवारी १९७४

चि. सौ. रुद्राणीस आशीर्वाद.

अव्वाला आधीच कळलं होतं. बिरप्पाच्या बायकोनं, मायाक्कानं, नळावर सांगितलं होतं. अव्वा निकालावर रागावली नाही, मी लपवलं म्हणून रागावली. दोन दिवस वाढताना भाकरी टाकली ती आवाज करून.

खूण कसली तेही कळलं. नोटीस हातात आली. पहिल्या पानाच्या माथ्यावर मी ‘श्री’ लिहिलं, तीच खूण. गावच्या शाळेत त्याशिवाय गुरुजी पाटीवर पहिलं अक्षर काढू देत नसत. प्रश्नपत्रिका मिळाली, डोळे मिटले, सिद्धरामेश्वराचं नाव घेतलं आणि लिहिलं. फॉर्मवर ‘सूचना वाचल्या व समजल्या’ याखाली माझी सही आहे. वाचल्या होत्या गं. समजल्या होत्या असं आज म्हणवत नाही.

पंधरा दिवसांत इंग्रजीत खुलासा द्यायचा आहे. रोज पूजा झाली की नोटिशीसोबतचं इंग्रजी परिपत्रक धडा म्हणून वाचतो. ‘आय बेग’ म्हणजे मी भीक मागतो, ना? कचेरीतलं प्रत्येक वाक्य जंगमासारखं झोळी घेऊनच दारात येतं, हे आता ध्यानात आलं. एक मसुदा करून पाठव.

अप्पा


अकलूज, १७ फेब्रुवारी १९७४

तीर्थरूप अप्पांस शि. सा. न.

मसुदा सोबत आहे. मुख्य वाक्य हे: ‘द सेड मार्क वॉज मेड इन हेस्ट अँड थ्रू ओव्हरसाइट.’ म्हणजे सदर खूण घाईत आणि नजरचुकीनं झाली. तुमच्या वळणदार अक्षरात उतरवा आणि देऊन टाका.

एकच बजावते. सूचना समजल्या नव्हत्या असं चुकूनही लिहू नका. हिशेब शाखेत बसणाऱ्याला इंग्रजी सूचना कळत नाहीत, हे तुम्ही सही करून त्यांच्या हातात दिलंत, तर पास असूनही जागा जाईल. अव्वाला म्हणावं, भाकरीचा काही दोष नाही.

तुमची काळजी करणारी,
रुद्राणी


॥ श्री ॥
सोलापूर, २४ फेब्रुवारी १९७४

चि. सौ. रुद्राणीस आशीर्वाद.

खुलासा काल दिला. रागावू नकोस, तुझं मुख्य वाक्य मी गाळलं. तीनदा लिहिलं आणि तीनदा कागद फाडला. घाई मुळीच नव्हती. पेन थांबवून, डोळे मिटून लिहिलं होतं. त्याला नजरचूक कसं म्हणू? ज्याच्या भरवशावर परीक्षेला बसलो, त्याचंच नाव चुकून आलं म्हणायचं? म्हणून परिपत्रकातलेच शब्द जुळवून लिहिलं, की सदर खूण मी समजूनच केली, ती ओळख म्हणून नव्हे तर सवयीची प्रार्थना म्हणून. सूचना वाचल्या होत्या, पूर्ण समजल्या नव्हत्या, आणि न समजता सही केली हा माझा दोष आहे. व्याकरण बिघडलं असेल. अव्वाला मराठीत वाचून दाखवलं. ती म्हणाली की लांबच्या तालुक्यालाबी माणसंच राहत्यात की.

अप्पा


॥ श्री ॥
सोलापूर, २५ मार्च १९७४

चि. सौ. रुद्राणी व चि. सिद्रामप्पा यांस अनेक आशीर्वाद.

तुझं रागाचं कार्ड पोचलं होतं. निर्णय लागेपर्यंत उत्तर लिहायचं थांबलो होतो. आता लागला. शुक्रवारी साहेबांनी आत बोलावलं. जागा जाणार हे तुझ्या कार्डातलं खरं होणार असं वाटून आत जाण्याआधी टेबल आवरून ठेवलं. त्यांनी एवढंच विचारलं, की हे इंग्रजी कोणाचं. मी म्हणालो की शब्द मुलीनं शिकवलेले, चुका माझ्या. ते हसले आणि कागद पुढं सरकवला. खुलासा मान्य, उमेदवार उत्तीर्ण, पुढं काळजी घेण्याबद्दल ताकीद. एकदाच वाचलं, समजलं. ताकीद योग्यच आहे. देवाचं नाव मनातही घेता येतं, हे मला या वयात कचेरीनं शिकवलं. जागा आता कायम. बिऱ्हाड इथंच राहील.

बाहेर आलो तर बिरप्पा दाराशीच उभा. त्यानं सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, की आता अप्पाकडून पेढे घेतल्याशिवाय एकबी फाईल हलायची न्हाय.

काल रविवार. दुपारी जेवून जरा आडवा झालो तो उन्हं उतरेपर्यंत उठलोच नाही. मध्ये शेजारची शांतम्मा पीठ मागायला आली आणि मोठ्यानं बोलू लागली, हे तिनंच मला संध्याकाळी सांगितलं. तुझ्या अव्वानं तिला हाताला धरून अंगणात नेलं आणि सांगितलं, की हळू बोल बाई, आमचं मानूस घोरतंय. लई दिसांनी घोरतंय, घोरू दे.

सुट्टीत दोघं या. लोभ कमी पडला तर इथं भरपूर आहे.

तुझा अप्पा