टाकीवरच्या फिरत्या खुर्चीत बसण्यापूर्वी

दिनांक १४ ऑक्टोबर २०२४, सकाळी अकरा वाजून वीस मिनिटे. खुर्चीचा शेवटचा बोल्ट आवळून झाला. पाण्याच्या टाकीखालच्या पंपघरात बसून हे मृत्युपत्र लिहीत आहे.

मी, वय तेवीस, धंदा वेल्डिंग, शिक्षण नववीपर्यंत, पूर्ण शुद्धीवर आहे. माझ्यावर कोणाचा दबाव नाही. भीती वाटते, ती दबावात धरलेली नाही.

कारण असे. उद्या वादळ येणार आहे. चित्रकार बाईंनी टाकीच्या माथ्यावर कलाकृती उभी केली आहे. वाऱ्याने खुर्ची फिरते आणि तिच्याखालचा खिळा पत्र्यावर रेघा ओढतो, म्हणजे वादळ आपले चित्र आपणच काढणार. खिळा नीट टेकायला वजन लागते. ते वजन मी. बदल्यात बोर्डावर माझ्या नावापुढे 'सहकलाकार' लागेल. त्या शब्दापायी मी हो म्हणून बसलो.

कलम १. वेल्डिंग मशीन मित्र स्पॅनरला. काळा चष्माही द्यावा. तो न लावता काम करतो आणि मग डोळ्यांवर बटाट्याच्या चकत्या ठेवून विव्हळतो.

कलम २. बँकेतली शिल्लक आईला. काका म्हणतील, "व्यवहार मी बघतो." त्यांना बघू द्यावे, हात लावू देऊ नये.

कलम ३. काकांना माझी शिडी. ती चार वर्षे त्यांच्याकडेच आहे. आता निदान रीतसर होईल.

कलम ४. टेबलफॅन ताईला. उजवीकडे अडकतो, टपली मारावी.

ज्याला काही मिळणार त्याने साक्षीदार होऊ नये, असे अर्ज लिहिणाऱ्या मास्तरांनी सांगितले. बाईंना मी काहीच देत नाही, त्यांनी लगेच सही केली. स्पॅनर म्हणाला, "मशीन सोडू? वेडा झालास का?" शेवटी डबा घेऊन आलेल्या ताईपुढे कागद ठेवला.

तिने तो वाचला आणि ती बाईंकडे वळली. "वजनच हवंय ना? मग सिमेंटचं पोतं बांधा."

"पोत्याला काळाची जाणीव नसते हो," बाई म्हणाल्या.

"याला तरी कुठे आहे? माझ्या लग्नात हा फोटो काढून झाल्यावर उगवला!"

"पण पोतं घाबरत नाही. हा फार छान घाबरतो."

ताईने डबा आपटला. "पंखा नको मला. सही करते. पण आधी आणखी एक कलम लिही, बावळटा."

म्हणून कलम ४ रद्द. पंखा आईला, टपलीसह.

कलम ५. खुर्चीतली माझी जागा मी हयातीतच, राजीखुशीने, सिमेंटच्या पोत्याला देत आहे. पोते पन्नास किलोचे, मी अठ्ठावन्नचा, तरी वर आठ किलो विटा बांधाव्यात. सर्व प्लास्टिकमध्ये गुंडाळावे. 'सहकलाकार' हे पद मात्र पोत्याला देत नाही. त्यावरून बाई आणि ताई यांचे अजून चालू आहे.

सही: वेल्डर

साक्षीदार १: चित्रकार बाई (दुसऱ्यांदा, नाराजीने)

साक्षीदार २: थोरली बहीण (गाठी मी स्वतः मारल्या आहेत. पोत्याला.)

ठिकाण: पंपघर
दिनांक: वरीलप्रमाणे, दुपारी दोन