माझ्या नावावरचं मलम

माय, त्या जागेला खाज सुटते म्हणून मी आज नांदेडात डॉक्टरकडे जाऊन आले. उन्हाळ्यापासून सुटते आहे. आधी वाटलं घामानं असेल, मग वाटलं नव्या साबणानं असेल, मग म्हटलं वय झालं, साठीत बाईचं अंग कोरडं पडतंच. दर वेळी काही ना काही कारण सापडायचं आणि दवाखाना पुढं ढकलला जायचा. अशी कारणं शोधायला मी कुणाकडून शिकले, ते तुला सांगायला नको.

लातूर नुकतंच जिल्हा झालं होतं. नवी नवी ऑफिसं उघडत होती, आणि बापू गेल्यावर तुला त्यातल्या एका ऑफिसात पाणी भरायचं काम मिळालं. निलंग्याहून आपण दोघी आलो, एका खोलीत राहिलो, मी कॉलेजात जायला लागले. पाऊस वर्षामागून वर्ष दगा देत होता. ऑफिसच्या मागं टँकर यायचा, तू घागरी वाहायचीस, आणि साहेब लोकांचे माठ भरेपर्यंत तुझं लुगडं कमरेखाली ओलंगच्च व्हायचं. ते तसंच अंगावर वाळायचं. तुलाही तिथंच खाज सुटायला लागली. "ओल्या लुगड्याचं हाय. पाऊस पडला की टँकर बंद, टँकर बंद की खाज बंद," म्हणून तू हसली होतीस. घरी मात्र मोरीत बसून कपड्याचा साबण आणि सोडा लावून घासायचीस, भांडं घासावं तसं. वर तुरटीचं पाणी. आग झाली की म्हणायचीस, आग होतीय म्हंजी गुण यायलाय. पाळीची धडपी धुऊन तू परकराखाली झाकून वाळत घालायचीस, त्यांना कधी ऊन लागलं नाही. आणि पाणी तर तू पीतच नव्हतीस. मी समजायचे, दुष्काळ आहे, माझ्यासाठी राखून ठेवतेस. लघवीला चरचरतं म्हणून पीत नव्हतीस, हे मला फार उशिरा कळलं.

मग एके दिवशी म्हणालीस, चल, सरकारी दवाखान्यात जाऊ, सोबत ये. मी खूश झाले, की बाई एकदाची दाखवायला निघाली. आत टेबलामागं डॉक्टरीणबाई बसल्या आहेत, दारात बायका दाटल्या आहेत. बाई विचारतात, काय होतंय, कुणाला होतंय? आणि तू माझ्या खांद्याला धरून मला पुढं करतेस. "पोरीला. खाली खाज सुटायली तिला. लई दिवस झालं." मी तुझ्याकडं बघते, तर टेबलाखाली तुझा पाय माझ्या पायावर. बाई म्हणाल्या, तपासू का? तू म्हणालीस, "न्हाई ओ, लाजती ती."

बाई चांगल्या होत्या. त्यांनी मला समजावलं आणि तू ऐकत होतीस. साबण नको, सोडा तर अजिबात नको, साध्या पाण्यानं धुवायचं, कोरडं ठेवायचं, सुती कपडा, आणि तो उन्हात वाळवायचा. एवढ्यानं बहुतेक थांबतं. आठवडा-दोन आठवड्यांत नाही थांबलं, किंवा फोड, जखम, गाठ, पांढरा चट्टा दिसला, रक्त आलं, लघवीला आग झाली, तर घरी बसायचं नाही. मग मलमाचं नाव कागदावर लिहिता लिहिता तुला धीर द्यायला म्हणाल्या, "तरुण पोर आहे, फिकीर करू नका. हेच तुमच्या वयाच्या बाईला झालं असतं, तर मी बघितल्याशिवाय सोडलं नसतं." मला वाटलं, आता तू बोलशील. तू पदर नीट केलास आणि म्हणालीस, "हाव बाई."

बाहेर आल्यावर मी तुझ्यावर फार चिडले. लायनीत आपल्या गल्लीतली एक बाई होती, तिनं सगळं ऐकलं होतं, माझ्या लग्नाचं बोलणं चाललं होतं. "तुझं काय गेलं?" तू म्हणालीस. "तू लेकरू हाय, तुला बरं व्हतंय म्हणून सांगता येतंय. माझ्यासारख्या रांडमुंड बाईला असलं काही झालं, तर लोक इचारतेत, कशानं झालं?" मग मला उसाचा रस पाजलास, स्वतः एक घोट घेतला नाहीस. माझ्या नावावरची ती ट्यूब तू बुद्धाच्या तसबिरीमागं ठेवलीस. तिनं थोडं बरं वाटायचं, तेवढ्यावर तुझं भागायचं. ट्यूब संपली की तू एकटी जाऊन सांगायचीस, पोरीची खाज गेली न्हाई. शेवटी बाई म्हणाल्या, आता मुलीला आणा, तपासल्याशिवाय मलम देणार नाही. त्यानंतर तू तिकडं फिरकली नाहीस.

पुढं जखम झाली, चिघळली, आणि मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी कॅन्सर सांगून विचारलं, इतके दिवस काय केलंत? तू माझ्याकडं बघितलंस. ती नजर मला अजून सहन होत नाही. लोकांना आपण सांगितलं, पोटात गाठ आहे. तू गेल्यावरही मी तेच सांगत राहिले. तुझ्या जावयालाही मी तेच सांगितलं आणि मरेपर्यंत तो तेच खरं समजत होता. मला तुझा राग येतो, माय, आजही येतो, आणि रागाच्या मागोमाग रडू येतं.

आजची डॉक्टर माझ्या लेकीएवढी आहे. तिला एका बाजूला पांढरा चट्टा दिसला. म्हणाली, बहुधा साधंच असेल, मलमानं आटोक्यात येईल, पण मी तपासल्याशिवाय म्हणणार नाही. तिथली जागा बधिर करून कातडीचा बारीक तुकडा काढला. रिपोर्ट यायचा आहे आणि मला भीती वाटते. तिनं विचारलं, घरात आधी कुणाला असं होतं का? मी म्हटलं, आईला. एवढंच म्हटलं, पण खरं म्हटलं.

लेक सोबत आली होती. आत येते म्हणून हट्ट करत होती, मी तिला बाहेरच बसवलं. तिला वाटलं, आई लाजली. हा कागद मी तिला दाखवणार नाही, आणि तुला तर तो मिळायचा नाही, म्हणून लिहिते. लाजेचं काही नव्हतं. डॉक्टरनं पहिलंच विचारलं, त्रास कुणाला आहे? लेक माझ्या शेजारी असती, तर माझा हात तिच्या खांद्यावर गेला असता.