आप्पांचा चौकड्यांचा शर्ट

सुदेश,

कपडे घ्यायला घरी आलेले, परत नौपाड्याला दवाखान्यात चाललेय. आज रात्री आप्पांजवळ मीच थांबेन. भाजी फ्रिजमध्ये आहे, गरम करून खा.

कोंबड्यांचं आज तुला बघावं लागेल. पाण्यात लसूण ठेचून टाक. दुकानातलं औषध आणू नकोस, आप्पांना चालत नाही. काळी अंड्यांवर बसलीय, तिला उठवू नकोस.

अंधार पडायच्या आत सगळ्यांना खुराड्यात घे. काल मी घसा फुटेपर्यंत बोलावलं, एक पण आली नाही. शेवग्यावर चढून बसल्या आणि सकाळी तांबडीची नुसती पिसं सापडली. शेजारच्या रतनकाकी म्हणाल्या, त्या फक्त आप्पांच्या चौकड्यांच्या शर्टामागे जातात. शर्ट दारामागच्या खिळ्याला आहे. मुद्दाम धुतला नाही. तो घाल आणि कणी टाकत टाकत खुराड्याकडे चाल. हसायला कोणी येत नाही तिथे.

खुराडं पाडून तिथे गाडी लावायची, यावरून तू आणि आप्पा एकमेकांशी बोलत नाही, माहितेय मला. पण तुमचे निरोप पोचवून मी दमलेय रे.

दुपारी आप्पांनी पहिल्यांदा नीट डोळे उघडले आणि विचारलं, काल कोंबड्या कोणी आत घेतल्या? मी तुझं नाव सांगितलं. मग त्यांनी सगळी पेज संपवली.

ताई