पान एकवरचा बायोडेटा

५ जानेवारी २०१४, रविवार
समाजाच्या वधू-वर परिचय पुस्तिकेचं काम शेवटी मलाच मिळालं. गोंदियाकडच्या आमच्या गोरेगावात डीटीपी म्हटलं की मीच. तीनशे अकरा फॉर्म आलेत. सचिव दुधरामजी म्हणाले, तू बी तुजा फॉर्म भरून दे ना गा. कॉम्प्युटरवाल्याने कागद भरायचा? माझा बायोडेटा थेट पान एकवर टाइप केला. त्याच पानावर समोर हर्षिता, बी.एड. निव्वळ योगायोग. वय एकतीस टाकलं. मी पस्तिसाचा, फोटो सत्तावीसचा. सरासरी काढली.

९ जानेवारी
डिझाइनचं सॉफ्टवेअर नवीन टाकलं आणि जोडाक्षरं फुटली. माझ्या फॉन्टला जुनंच व्हर्जन लागतं. जुन्या सीडीवर आई चहाचा कप ठेवते. कोणाकोणाला शिकवायचं?

१० जानेवारी
नेटवर जुन्या व्हर्जनचा सेटअप सापडला. फुकट. कोण्या भल्या माणसाने सुधारून ठेवलाय. सूचना : आधी अँटीव्हायरस बंद करा. किती बारीक विचार करतात लोक! लोकेंद्र दुकानात बसला होता. बँकेत कॉम्प्युटर पाहतो, त्याचाही फॉर्म आहे. म्हणाला, काऊन बंद करून राहिला गा? फुकट कोनी कायले देईल? जळतो.

१० जानेवारी, दुपारी ४
इन्स्टॉल. जोडाक्षरं शाबूत. वर तीन टूलबार आणि एक घड्याळ फुकट. मशीन जरा हळू चालतंय. थंडी असेल.

१४ जानेवारी
टायपिंग पूर्ण. फॉर्म परत केले. दुधरामजींच्या पत्नी निर्मलाबाईंनी ते पेटीत ठेवले. जुन्या माणसांचा कागदावर फार जीव. बॅकअप घेतला. पेनड्राइव्ह मशीनलाच लावून ठेवला, हरवायला नको.

१९ जानेवारी
एकही फाइल उघडत नाही. स्क्रीनवर इंग्रजीत धमकी : फायली हव्या तर डॉलर द्या. पेनड्राइव्हचंही तेच. दुधरामजींना सांगितलं, सर्व्हर डाऊन आहे. माझ्याकडे सर्व्हर नाही, पण त्यांना काय माहीत.

२० जानेवारी
त्यांना कळलं. रागावले नाहीत, ते जास्त लागलं. पेटीतले फॉर्म गोंदियाच्या प्रेसला दिले. म्हणाले, आता तरी तुजा फॉर्म भर. मी म्हटलं, फाइल उघडली की मेल करतो. लोकेंद्र म्हणतो, उघडणार नाही. त्याला काय कळतं.
संकल्प : अँटीव्हायरस यापुढे कधीच बंद करायचा नाही. फारच गरज पडली तर गोष्ट वेगळी.

९ फेब्रुवारी, रविवार
मेळावा. पुस्तिका बरी निघाली. दोन जोडाक्षरं फुटलीत, पेनाने खूण करून ठेवली. तीनशे अकरा फॉर्म, तीनशे अकरा बायोडेटा. पान एकवर हर्षिता. समोर लोकेंद्र.
आईने पुस्तिका दोनदा चाळली. विचारलं, तुजा फोटो कोनत्या पानावर हाये? म्हटलं, पानं चिकटली असतील.
अजून बसली आहे, नखाने एकेक पान सोडवत.