माझ्या डिस्क कोऱ्या नाहीत

५ नोव्हेंबर, संध्याकाळ
संताप. दुसरा शब्द नाही.

मेहुणी येत्या वीस तारखेला येतेय. बायकोची धाकटी बहीण. परदेशी असते. सासूबाई गेल्या तेव्हा तिला येता आलं नव्हतं. बायको म्हणाली, आईचं ते बोलणं तिला दाखवू या. ते बोलणं म्हणजे शेवटच्या वर्षी सासूबाई गॅलरीतल्या खुर्चीत बसून तासन् तास जुन्या गोष्टी सांगत होत्या, त्याचं शूटिंग. शूटिंग कोणी केलं? मी. जपून कोणी ठेवलं? मी. कॉम्प्युटरमध्ये जागा अडत होती म्हणून डिस्कवर उतरवून कोणी घेतलं? मीच. दोन डिस्क, एक मूळ आणि एक सुरक्षेसाठी. वर माझ्या अक्षरात ‘सौ.च्या मातोश्री’. नंतर कॉम्प्युटरमधलं आणि कॅमेऱ्यातलं स्वतः पुसलं, कारण एकच गोष्ट चार ठिकाणी ठेवणं हे अव्यवस्थेचं लक्षण. ऑफिसात रेकॉर्ड सेक्शन उगाच माझ्याकडे दिलेला नाही.

आज डिस्क घातली. ड्राइव्ह घरघरला, खोकला आणि म्हणाला, ‘कृपया डिस्क घाला.’

अरे, मग आत काय घातलंय? बशी?

दुसरी घातली. तेच. मग बाजारातून आणलेली सिनेमाची डिस्क घातली, तर लगेच गाणं सुरू! म्हणजे विकतचं चालतं, घरचं चालत नाही. हा उघड उघड पक्षपात आहे.

संकल्प: रविवारपर्यंत ड्राइव्ह ताळ्यावर आणणे.

७ नोव्हेंबर
निदान झालं. भिंगावर धूळ. दोष बायकोचा, कारण झाडू तीच मारते. तसं तिला सांगितलं. ती म्हणाली, मग उद्यापासून तुम्ही मारा. विषय तिथेच थांबवला. मोठं मन लागतं.

ड्राइव्ह उघडला. चष्म्याच्या फडक्याने भिंग पुसलं. मग कापूस आणि स्पिरिट. मग जरा जोर लावून पुन्हा कापूस.

आता सिनेमाचीही डिस्क चालत नाही.

एका अर्थी प्रगतीच. निदान भेदभाव तरी संपला.

८ नोव्हेंबर
कॉम्प्युटरच्या दुकानदाराला फोन. ह्याचं नाव मी ‘रीस्टार्ट’ ठेवलंय, कारण ह्याच्याकडे औषध एकच. आजही पहिला प्रश्न, “सर, रीस्टार्ट करून बघितलं का?” तळपायाची आग मस्तकात. मी त्याला दहा मिनिटं लेझर म्हणजे काय ते समजावलं. तो म्हणाला, “सर, एक डिस्क घेऊन या ना दुकानात, माझ्या मशीनवर लावून बघतो.”

डिस्क आणि दुकानात! घरातलं रेकॉर्ड घराबाहेर जात नसतं. ऑफिसात मी साहेबांनासुद्धा फाइल बाहेर नेऊ देत नाही, हा कोण लागून गेला?

नवा ड्राइव्ह मात्र त्याच्याकडूनच मागवला. नाइलाज.

१० नोव्हेंबर
नवा ड्राइव्ह स्वतः बसवला. शेवटी एक स्क्रू उरला. कंपन्या मुद्दाम जास्तीचा देतात.

सिनेमा चालला. बायकोला हाक मारून बोलावलं, खुर्ची दिली. मग समारंभपूर्वक सासूबाईंची डिस्क घातली.

पडद्यावर आलं: ‘ही डिस्क कोरी आहे. हिच्यावर काय लिहायचं?’

हिच्यावर काय लिहायचं! ज्या बाई तीन-तीन तास श्वास न घेता बोलल्या, त्यांना हा कालचा पोर कोरी म्हणतो. दुसरी डिस्क घातली. तीही कोरी म्हणे.

बायको हळूच म्हणाली, “अहो, खरंच कोरी असेल तर?”

मी उठून गॅलरीत गेलो. पंचवीस वर्षांच्या संसारानंतर बाईमाणसाचा विश्वास मशीनवर, नवऱ्यावर नाही.

निषेध म्हणून संध्याकाळचा चहा न घेणे.

१० नोव्हेंबर, पुन्हा
चहा घेतला. तिने न विचारता आणून ठेवला होता. थंड करून फेकणं योग्य दिसलं नसतं. निषेध मनातून चालू आहे.

१३ नोव्हेंबर
बायकोने मला न विचारता रीस्टार्टला घरी बोलावलं. मी ऑफिसातून आलो तर हा माझ्या खुर्चीत! डिस्क उलटसुलट करत म्हणतो, “सर, आधी कॉम्प्युटरमध्येच शोधू या. कधी कधी कुठेतरी कॉपी राहिलेली असते.”

मी म्हटलं, “कॉम्प्युटरमध्ये काय शोधणार? मी स्वतः पुसलंय. मी पुसलेलं राहत नाही.”

तो म्हणाला, “बघायला काय हरकत आहे?”

हरकत होती. मी त्याला दार दाखवलं. बायको स्वयंपाकघरात गेली आणि भांडी जरा जास्तच आवाज करत घासली गेली. रोगी इकडे, हा औषध शोधतोय तिकडे. असले उंटावरचे शहाणे दुकानं काढून बसलेत, म्हणून देशोदेशीचे ड्राइव्ह बिघडतात.

१५ नोव्हेंबर, रविवार
अखेर मूळ सापडलं. कॉम्प्युटरच गंजलाय. आतला सगळा कचरा काढल्याशिवाय ड्राइव्हला सुबुद्धी सुचणार नाही. अर्धवट उपाय मला आवडत नाहीत. फॉरमॅट.

मशीनने विचारलं, ‘यातली सर्व माहिती पुसली जाईल. तुमची खात्री आहे का?’ मी ‘हो’ इतक्या जोरात दाबलं की बायको आतून म्हणाली, काय पडलं?

पुन्हा सगळं घालेपर्यंत दुपार झाली. अंगात उत्साह. दोषाला मुळासकट उपटल्याचं समाधान काही वेगळंच असतं.

१५ नोव्हेंबर, जेवणानंतर
‘ही डिस्क कोरी आहे.’

१७ नोव्हेंबर
दोष डिस्क बनवणाऱ्या कंपनीचा. आता शंका नाही. निकृष्ट माल. लिहिलेलं धरून ठेवायची ऐपत नाही आणि डब्यावर छापतात, शंभर वर्षं टिकेल. कडक तक्रार लिहायला घेतली. पहिल्या पानावर माझा परिचयच झाला. बायको म्हणाली, तीन दिवस राहिलेत, धाकटीला काय सांगायचं? मी म्हटलं, सत्य सांगायचं. माल निकृष्ट.

ती बराच वेळ माझ्याकडे बघत राहिली. हल्ली तिला हे नवीन लागलंय.

२० नोव्हेंबर, दुपार
मेहुणी आली. दारातच दोघी रडल्या. जेवणं झाल्यावर ती म्हणाली, “भाऊजी, आधी आई दाखवा, मग मी झोपते.”

मी तिला सगळं शास्त्र समजावलं: भिंग, लेझर, कंपन्यांचा भ्रष्टाचार. ती ऐकून घेत होती. मग डिस्क घेऊन खिडकीशी गेली आणि मागची बाजू उजेडात तिरकी धरली. ती तिकडे एका हॉस्पिटलात एक्स-रे विभाग चालवते. पेशंटला स्कॅन डिस्कवर घालून द्यायचं काम रोजचं.

“भाऊजी, लिहिलेल्या भागाचा रंग जरा वेगळा दिसतो. ही सगळी सारखीच आहे.”

मी म्हटलं, “प्रकाश कमी आहे.”

“तुम्ही केलं कसं होतं?”

सांगितलं. फाइली उचलल्या, डिस्कच्या चित्रावर सोडल्या, नावं तिथे दिसली, खिडकी बंद केली, डिस्क काढली.

“आणि ‘बर्न’ दाबलं?”

मी म्हटलं, नावं दिसत असताना आणखी काय दाबायचं?

ती हसली. चेष्टेने नाही, सुटल्यासारखी. म्हणाली, “अहो, मग त्या डिस्कवर गेल्याच नाहीत! ते दाबेपर्यंत त्यांची एक कॉपी कॉम्प्युटरच्या एका फोल्डरमध्ये थांबलेली असते. तुम्ही मूळ फाइली पुसल्या तरी ती राहते. ताई, आई आहे गं! कॉम्प्युटरमध्येच आहे!”

बायको उठून उभी राहिली. तोंडावर हात. तिचा चेहरा असा मी कितीतरी दिवसांत पाहिला नव्हता.

मला एकदम रीस्टार्टचा राग आला. दोनदा सांगायला काय झालं होतं त्याला? एखादा माणूस दार दाखवतो म्हणून लगेच निघून जायचं?

मेहुणी कॉम्प्युटर सुरू करत होती. मी म्हटलं, “रविवारी मी तो फॉरमॅट केला.”

बायको परत खाली बसली. मग उठून बहिणीचं अंथरूण घालायला गेली.

२१ नोव्हेंबर
बायको रागावलेली नाही. विचारलं तेवढं बोलते. जेवायला वाढते. ती ओरडली असती तर मला उत्तर तयार होतं, रात्रीच तयार केलं होतं. वापरायला मिळालं नाही.

सकाळी कॉम्प्युटर रिक्षात घालून स्वतः दुकानात नेला. रीस्टार्टने विचारलं, काय झालं? सांगितलं. त्याला हसायचा पूर्ण हक्क होता. हसला नाही, त्याचाही राग आला. म्हणाला, “फॉरमॅटनंतर परत वर बरंच लिहिलं गेलंय सर. जे निघेल ते निघेल.”

२४ नोव्हेंबर
एक क्लिप निघाली. एकच. बाकी सगळ्याचा चुरा.

तिघे बसून पाहिली. सासूबाई खुर्चीत. निळं लुगडं, उन्हाने डोळे बारीक केलेले. आवाज माझा. “आई, जरा डावीकडे. नाही, इतकं नाही. आता सांगा, पण थांबा, आधी मी सांगतो कसं बोलायचं.” त्या तोंड उघडतात. मी कॅमेऱ्याची माहिती देतो. त्या पुन्हा तोंड उघडतात. मी म्हणतो, “हं, थांबा, प्रकाश बदलला.” मग मी प्रकाशाविषयी बोलतो. शेवटपर्यंत मीच. त्या मधूनमधून मान हलवतात, एकदा पदर सारखा करतात, एकदा कॅमेऱ्यामागे कोणाकडे तरी बघून हसतात. बहुतेक बायको उभी असावी तिथे.

आणि क्लिप संपते. एक शब्द नाही त्यांचा.

मी खुलासा करायला लागलो, की तेव्हा सुरुवात होती, पुढचं शूटिंग फार चांगलं होतं. मेहुणीने हात वर केला. थांबलो.

बायकोने क्लिप पुन्हा लावली. आवाज पूर्ण बंद करून. मग पुन्हा. दोघी पडद्याजवळ सरकून बसल्या. ते हसू आलं की दर वेळी धाकटी म्हणायची, “बघ, बघ.”

मी विचारलं, आवाज का बंद केला? बायको वळली नाही. म्हणाली, “आम्हाला आई बघायची आहे.”

चिडून उठलो. दारापर्यंत गेलो. तिथूनच चार-पाच वेळा पाहिली.

आवाज नसला, तर क्लिप खरंच चांगली आहे.